लिस्ट नको म्हणालात, म्हणूनच लिहितेय

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज लोकलमध्ये परत वाचला. वडिलांना आजारपणामुळे बंगळुरूला आणलंय, ऑफिसातून येऊन त्यांचं जेवण, गोळ्या उरकेपर्यंत साडेनऊ वाजतात, मग फोन हातात घेऊन चाळीस मिनिटं नुसते ट्रेलर बघायचे आणि काहीच न लावता झोपायचं. सेव्ह केलेली नावं नव्वदच्या वर. "अलीकडे तुम्हाला खरंच काय आवडलं ते सांगा, मालिका, पुस्तक, गाणी काहीही, फक्त लिस्ट नको" असं तुम्ही लिहिलंत आणि लोकांनी खाली तासाभरात सदतीस नावं टाकली. धन्य आहे.

२०२१-२२ मध्ये माझं अगदी हेच झालं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी डोंबिवली ते फोर्ट रोज जाऊन येऊन. माझ्याकडे सेव्ह केलेलं नव्हतं, चक्क वही होती. डाव्या पानावर पुस्तकं, उजव्या पानावर मालिका आणि सिनेमे, शेवटच्या चार पानांवर ऐकायचे गाण्यातले राग. कोणी काही चांगलं म्हणालं की वहीत. वाचलं म्हणून खोडलेलं नाव वर्षभरात एकही नाही. वही मात्र सुरेख दिसायची.

कुठलं ॲप घ्या, ऑडिओबुक ऐका, झोपायच्या आधी फोन लांब ठेवा हे सगळं तुम्हाला माहीतच असणार, त्यात वेळ घालवत नाही. मी समीक्षक वगैरे नाही, अकाउंट्समध्ये काम करते. खाली जे आहे ते माझ्यापुरतं खरं आहे.

आधी माझा गाढवपणा सांगते, कारण तुम्ही त्याच वाटेवर दिसताय. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "एखादा मोठा संच मागवून शिस्तीत सुरू करावं म्हणतोय." नका हो मागवू.

ऑगस्ट २०२१ मध्ये एका वाचनाच्या ग्रुपवर कोणीतरी भरभरून लिहिलं होतं. जुनं, बरीच वर्षं न मिळणारं प्रवासवर्णन, पाच खंड, नवी आवृत्ती येतेय. छापील किंमत ४,५००, प्रकाशनपूर्व सवलतीत २,७००, शेवटचे तीन दिवस. शेवटचे तीन दिवस म्हटलं की आपलं डोकं कसं बंद पडतं बघा. मी रात्री अकरा वाजता कोणा माणसाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे पाठवले. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर "मिळाले, धन्यवाद" आणि एक हात जोडलेला इमोजी. त्या ग्रुपवर लिहिणाऱ्याने ते पुस्तक स्वतः वाचलंय का, हे विचारायचं सुचलंच नाही. पुढे कळलं की नव्हतं वाचलेलं. त्यानेही नोंदणीच केली होती.

संच दिवाळीला मिळणार होता. दिवाळीला फोन केला तर "छपाई झाली ताई, बाइंडिंगला आहे." नाताळात केला तर कागदाचे भाव वाढलेत. जानेवारीत मला उलट विचारलं, "तुमची पावती कुठल्या नंबरची?" अहो, तुम्ही दिलीच कुठे! मग पाडव्याला नक्की. फोन उचलणारा माणूस दर वेळी निराळा, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि प्रत्येक जण शेवटी तेच म्हणणार, "साहेब आले की विचारून सांगतो." साहेब कधीच आले नाहीत. दुकानाचं, प्रकाशनाचं नाव विचारू नका, इथे लिहिणार नाही आणि व्यक्तिगत निरोपातही सांगणार नाही. तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. मी केली नाही. आळस, दुसरं काय. तुम्ही कधी अडकलात तर माझ्यासारखं करू नका.

पैशाचं दुःख कधीच संपलं. अडकलं ते निराळंच. सासूबाईंना मी सांगून बसले होते की संच आला की रोज रात्री दहा पानं वाचून दाखवीन. त्यांना वाचलेलं ऐकायला फार आवडायचं, डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्या दर चार दिवसांनी विचारायच्या, "आलं का गं तुझं ते?" आणि मी म्हणायची, "येईल, बाइंडिंगला आहे." संच येणार म्हणून मी दुसरं काहीच हातात घेत नव्हते. शिस्तीत सुरू करायचं होतं ना! पाडव्याच्या आठ दिवस आधी त्या गेल्या.

पार्सल आलं ऑक्टोबरात. म्हणजे पैसे भरल्यापासून चौदा महिन्यांनी. त्यात चारच खंड, दुसरा "मागाहून". तिसऱ्या खंडात १९३ ते २०८ पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं, दोनदा बांधलेला आणि पुढचा, २०९ ते २२४चा, गायब. फोन केला तर म्हणे पुस्तक परत पाठवा, टपालखर्च तुमचा, आणि सोबत मूळ पावती जोडा.

कपाट आवरून त्या चार खंडांना जागा करताना मागच्या रांगेतून 'बनगरवाडी' निघालं. व्यंकटेश माडगूळकरांचं, १९५५ सालचं, छोटंसं. माणदेशातल्या धनगरवाडीवर गेलेला तरुण मास्तर, शाळेला पोरं जमवण्याची त्याची धडपड आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेली वाडी. सासूबाईंचं माहेर आटपाडीकडचं. रोज थोडं वाचलं असतं तरी आठवड्यात संपलं असतं. त्यांनी मला चार ठिकाणी थांबवून "असं नाही बोलत आमच्याकडं" म्हणून दुरुस्तही केलं असतं. पुस्तक पूर्ण वेळ बिछान्यापासून सहा फुटांवर होतं.

तर घरात काय आहे ते आधी बघा. वडिलांनी येताना बॅगेत एखादं तरी पुस्तक आणलं असेलच, त्या वयाची माणसं आणतात.

आता अलीकडचं. माझ्यासाठी अलीकडचं म्हणजे गेल्या दोनेक वर्षांत मी स्वतः संपवलेलं, मग ते आलं असेल केव्हाही. आणि प्रत्येकासोबत मला कुठे कंटाळा आला तेही लिहिते. माझं ठाम मत आहे की कोणी काही सुचवलं की त्याला एवढंच विचारावं, "तुम्हाला कुठे कंटाळा आला?" ज्याला उत्तर देता येत नाही त्याने ते बघितलेलं नसतं, किंवा बघून चार वर्षं झालेली असतात. 'मस्ट रीड' आणि 'बघाच' म्हणणाऱ्यांचा मला आता राग येतो. बघाच काय? आम्ही काय गुन्हा केलाय?

वडिलांबरोबर बसून बघायचं असेल तर 'पंचायत' ही हिंदी वेब मालिका. तुम्ही म्हणाल हे काय नवीन सांगितलं! पण तुम्ही पाहिली नाहीये असं तुम्हीच लिहिलंय. फुलेरा गाव, नाइलाजाने आलेला सचिव, अर्ध्या-पाऊण तासाचे भाग, आणि मध्येच उठून औषध द्यायला गेलात तरी धागा सुटत नाही. माणसाला बरं नसताना हा गुण फार मोठा आहे. पहिले दोन सीझन सावकाश बघा. २०२५ मध्ये आलेल्या चौथ्यात निवडणूक इतकी ताणलीय की मी तिसऱ्या भागापासून कपड्यांच्या घड्या घालत बघितला.

एकट्याने बघायचं असेल तर 'पाताल लोक'चा दुसरा सीझन, जानेवारी २०२५चा, आठ भागांचा. हाथीराम चौधरी या वेळी तपासासाठी दिल्लीहून नागालँडला जातो. जयदीप अहलावतचा तो थकलेला, अपमान गिळत काम करणारा पोलीस मला आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांसारखा वाटतो. पण बरेच संवाद नागामीझमध्ये, म्हणजे तिकडच्या बोलीत आहेत, खालची अक्षरं वाचावी लागतात, त्यामुळे पोळ्या लाटता लाटता बघायची ही मालिका नाही. रक्तपातही भरपूर. दवाखान्यातून आलेल्या दिवशी लावू नका. मी लावली आणि बंद केली, मग महिन्याने परत सुरू केली. कंटाळा कुठे आला म्हणाल तर सहाव्या भागाच्या आसपास, पात्रं इतकी वाढतात की कोण कोणाचा कोण हे कागदावर लिहून काढलं.

पुस्तकात कृष्णात खोत यांचं 'रिंगाण'. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा वहीत लिहिलं होतं, प्रत्यक्षात वाचलं पुढच्या पावसाळ्यात. धरणापायी उठलेलं गाव, मागे राहून गेलेली म्हैस, आणि तिला आणायला परत जंगलात जाणारा माणूस. एवढ्याशा गोष्टीवर अख्खी कादंबरी. सुरुवातीची वीसेक पानं मला जड गेली, बोलीची सवय नव्हती. मग मोठ्याने वाचायला लागले आणि एकदम सुटलं. हे पुस्तक ऐकायचंच आहे असं माझं मत, लेखकाला काय वाटेल माहीत नाही.

कादंबरी झेपणार नसेल तर कथा. तुम्ही कर्नाटकात आहात म्हणून 'हार्ट लॅम्प'चं नाव घेते. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा, दीपा भास्ती यांचा इंग्रजी अनुवाद, २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर. बारा कथा आहेत, एका रात्री एक. सलग वाचल्यात तर घुसमट होईल, मला झाली, मध्ये पंधरा दिवस बाजूला ठेवलं. शेजारी कोणी कन्नडभाषक असेल तर मूळ कथेतले दोन परिच्छेद वाचून घ्या, नुसता नाद ऐकायला. आमच्या ऑफिसात धारवाडची एक मुलगी आहे, तिच्याकडून मी हे करून घेतलं. जेवणाची सुट्टी इतकी चांगली बरेच दिवसांत गेली नव्हती.

गाण्यांचं थोडक्यात. प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ला गेल्या, त्या दिवशी कोणीतरी त्यांचा मारूबिहाग पाठवला, 'जागू मैं सारी रैना'. तेव्हापासून रात्रीची भांडी त्याच्यावर. तुम्ही तसेही जागेच असता. त्याच्या पाठोपाठ त्यांचाच कलावती ऐका. राग कळायची काही गरज नाही, मलाही कळत नाहीत, वहीतली ती चार पानं निव्वळ दिखावा होता. दुसरं, 'शक्ती' या बँडचा 'दिस मोमेंट', २०२४चं ग्रॅमी मिळालेला अल्बम. त्यात तबल्यावर असलेले झाकीर हुसेन गेल्यावर माझ्या मुलाने घरात रोज लावला. खरं सांगायचं तर सलग दोन ट्रॅकच्या पुढे माझं लक्ष राहत नाही. पण सकाळी घाईच्या वेळी तो लावला की हात भराभर चालतात, म्हणून यात घेतला.

दोन फुटकळ गोष्टी, विषय सोडून. तुमचं ते नव्वद नावांचं प्रकरण पुसून टाका म्हणणार नाही, जीव तुटतो. माझी वही अजून आहे, पण ती आता माळ्यावर आहे, आणि काढायला शिडी लागते. आणि तुम्ही तीन ॲपचे पैसे भरताय असं लिहिलंत. यूपीआयवर ऑटोपे लावलं असेल तर ते त्या यूपीआय ॲपमध्येच जाऊन रद्द करता येतं, कस्टमर केअरच्या विनवण्या करत बसू नका. पैसे कापायच्या आधी मेसेज येतो, तो वाचा. मी सहा महिने वाचला नव्हता.

आणि दिवाळी अंक! १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला काढला तेव्हापासून आपल्याकडे दमलेल्या माणसाची सोय करून ठेवलेली आहे आणि आपण कुठे कुठे शोधत बसतो. एक कथा, एक लेख, व्यंगचित्रं, झोप. इकडच्या ग्रंथालयांत थोडे पैसे भरून सगळे अंक आलटून पालटून नेता येतात, तुमच्याकडे महाराष्ट्र मंडळात विचारून बघा. मागच्या वर्षीचे चालतील. रद्दीवाल्याकडचे तर किलोवर मिळतात आणि त्यातली राशिभविष्यं वाचायला जास्त मजा येते, कारण आता पडताळून बघता येतं.

वडील मूळचे कुठले ते कळवा. कोल्हापूरकडचे असतील तर मी 'रिंगाण' म्हणेन. मराठवाड्यातले असतील तर आसाराम लोमट्यांचा 'आलोक' हा कथासंग्रह. तो मात्र वडिलांना वाचून दाखवायच्या आधी तुम्ही वाचा, हसण्यासारखं त्यात फार नाही.

जाता जाता, त्या संचाचा दुसरा खंड अजून आलेला नाही. कोणाकडे सुटा असला तर सांगा, विकत घेईन. आणि कोणाकडे धड बांधलेला तिसरा असेल तर २०९ ते २२४ पानांच्या झेरॉक्सचे पैसे देईन. तो माणूस घाटाच्या माथ्यावर धुक्यात हरवलाय तिथेच माझं पान संपलंय.