नवीन गाणी शोधायची कुठे आणि पाठवायची कुणाला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्याला राहतोस, वय १९, इंडी (मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतःच गाणी काढणाऱ्या बँडचं संगीत) आणि पंक रॉक आवडतं, पण अ‍ॅप फिरून फिरून तेच पंधरा-वीस बँड समोर आणतं. एखादं नवीन गाणं सापडलं आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, तर कुणी ऐकतही नाही. मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं हेच करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. हे संगीत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं. त्यामुळे आधी गाणी ऐकणारी माणसं शोध, गाणी आपोआप येतील.

माझ्या हातात पंक आलं ते एका कॅसेटमधून. मुंबईत धोबी तलावला रंगभवनमध्ये तेव्हा इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा, १९८६ पासूनचा. तिथे रांगेत ओळख झालेल्या एका सीनियर मुलाने मला साठ मिनिटांची कॅसेट भरून दिली. पंकची गाणी दीड-दोन मिनिटांची, एका बाजूला चौदा-पंधरा आरामात बसायची. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने त्याने नावं लिहिली होती. पावसात शेवटची ओळ फुटली, आणि नेमकं तेच शेवटचं गाणं टेप संपल्यामुळे मध्येच तुटत होतं. ते अर्धं गाणं मी इतक्यांदा ऐकलं की टेप तिथे घासून आवाज बसला. बँड कोणता हे कळायला दोन वर्षं गेली. बझकॉक्स, मँचेस्टरचे. या पोरांनी ओळखीच्यांकडून पाचशे पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच चार गाण्यांची रेकॉर्ड काढली होती. कोणतं गाणं कितव्या टेकचं, म्हणजे कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालेलं, हेसुद्धा त्यांनी कव्हरवर छापलं. आम्ही हे कसं केलं ते बघा आणि तुम्हीही करा, असाच त्याचा अर्थ होता.

पुढे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तासन् तास उभं राहून ऐकलं. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. रंगभवनचे कार्यक्रम तर शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे त्याच्या कितीतरी आधी थांबले होते. पण त्या कॅसेटचं काम आजही होतं, फक्त ठिकाण बदललंय.

माझ्यासाठी ते ठिकाण म्हणजे बँडकॅम्प, बँड आपली गाणी थेट ऐकणाऱ्यांना विकतात ती वेबसाइट. तिथे अल्बमच्या कव्हरजवळ तो विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो दिसतात. बरेच जण आवडतं गाणं कोणतं आणि का, हे एका ओळीत लिहून ठेवतात. ज्याची ओळ तुला पटेल त्याच्या फोटोवर टिचकी मार, त्याने विकत घेतलेलं सगळं समोर येतं. मुंबईच्या डेथ बाय फंगाय किंवा पॅसिफिस्ट या बँडच्या पानावरून सुरुवात कर. एखादा ऐकणारा जकार्ताचा निघेल, एखादा पुण्याचा. त्यांच्या कपाटात तुला असे बँड दिसतील जे अ‍ॅप सात जन्मात सुचवणार नाही. अ‍ॅप बघतं की बाकीचे लोक काय वाजवतात. विकत घेणारा माणूस मात्र स्वतःच्या खिशातले पैसे घालून बसलाय, म्हणून मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतो. शिवाय तिथे शहराचं नाव टाकून शोधता येतं. मी महिन्यातून एक रात्र फक्त ‘मुंबई’ टाकून बसतो.

दुसरी वाट लेबलची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची. एक बँड आवडला की त्याची रेकॉर्ड कुणी काढली ते बघ. वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड हे १९८० मध्ये काही पोरांनी आपल्याच बँडची रेकॉर्ड काढायला सुरू केलेलं लेबल. मायनर थ्रेट आणि फुगाझी हे दोन्ही पंक बँड तिथलेच. अशा छोट्या लेबलच्या यादीत एकाच गल्लीतली, एकमेकांना ओळखणारी माणसं असतात, आणि ते ऐकून कळतं.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. मुंबईत गिगला जाशील तेव्हा पहिल्या बँडला पोहोच. पोस्टरवर ज्याचं नाव सगळ्यात बारीक अक्षरात आहे तो. द लाइटइयर्स एक्स्प्लोड, ट्रिपवायर, द रायट पेडलर्स या मुंबईच्या बँडचं वेड ज्यांना लागलं, त्यातल्या कितीतरी जणांना ते अशाच अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये लागलं. वाजवून झालं की ड्रमर स्वतःच झांजा आवरत असतो. त्याला जाऊन विचार की तू सध्या काय ऐकतोयस. मला आजवर मिळालेल्या सर्वांत चांगल्या याद्या अशाच मिळाल्यात. तुझं वय बघता एक लक्षात ठेव. दारू मिळते अशा बऱ्याच जागी २१ च्या आत घेत नाहीत, तिकिटाआधी विचारून घे. तोवर मूड इंडिगो, मल्हार यांसारखे कॉलेज फेस्टिव्हल आहेतच.

आता गाणं पाठवण्याबद्दल. ग्रुपवर लिंक टाकणं म्हणजे प्लॅटफॉर्मवर पत्रकं वाटणं, हातात घेतात आणि पुढच्या पावलाला टाकतात. मीही एकदा शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर एका रात्रीत बारा गाणी टाकली. एकानेही उघडलं नाही, आणि मला खरंच वाईट वाटलं. त्यानंतर मी एका वेळी एका माणसाला एकच गाणं पाठवतो, सोबत दोन ओळी. ‘भारी आहे, ऐक’ असं लिहीत नाही. ‘एक मिनिट दहाव्या सेकंदाला सगळं थांबतं आणि फक्त बेस उरतो, तिथे मला तुझी आठवण झाली’ असं लिहितो. तेवढ्या एका जागेसाठी माणूस गाणं उघडतो. वेळही बघतो. माझी मैत्रीण कल्याणहून स्लो पकडते तेव्हा पाठवलं, तर ती ठाण्याच्या आत उत्तर देते. आणि बदल्यात एक गाणं मागतो, मग ते कसंही असो, पूर्ण ऐकतो.

छोट्या बँडला या एकेका ऐकण्याने फरक पडतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं १२ महिन्यांत किमान १,००० वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मोजले जात नाहीत. तीस सेकंदांच्या आत बंद केलेलं वाजवणं तर धरतच नाहीत. म्हणून आवडलं तर गाणं विकत घे, अगदी शंभर रुपयांचं का असेना. परवडत नसेल तर बँडला निरोप पाठव की कोणती ओळ आवडली.

शेवटी तू जाता जाता लिहिलंयस की तुझ्या वर्गातल्या तिघांचा बँड आहे, कळव्याच्या एका जॅमपॅडमध्ये (सरावाच्या खोलीत) वाजवतात आणि फोनवर दोन गाणी रेकॉर्ड केलीत. त्यातलं एक मला पाठव. आवाज खराब असला तरी चालेल, फक्त कोणत्या सेकंदाला कान द्यायचा ते लिही. मी आज रात्री ऐकतो.