एचपी वाढवण्याआधी पाइप बघा

प्रश्न : आमची विहीर खाली पोफळीच्या आगरात, घर वर टेकाडावर. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंत उंची १८ मीटर, एक इंची पाइप १५० मीटर. पंप १ एचपी, पट्टीवर ‘हेड ६–४० मी., डिस्चार्ज ९०–१५ लि./मि.’ असं आहे. १,००० लिटरची टाकी भरायला २५ मिनिटं लागतात. दुकानदार २ एचपी घ्या म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : नको. हेड म्हणजे पाणी चढवायची उंची, डिस्चार्ज म्हणजे मिनिटाला मिळणारं पाणी. पट्टीवरचे हे आकडे जोडीने वाचायचे असतात : ९० लिटर मिळतात ते ६ मीटरला, ४० मीटरला फक्त १५. तुम्हाला मिनिटाला ४० लिटर मिळतायत. एवढं पाणी आतून २५ मिमी असलेल्या पाइपमधून जाताना दर १०० मीटरला सुमारे ८ मीटर हेड घर्षणात खातं. १५० मीटरचे झाले १२. म्हणजे पंप १८ नव्हे, ३० मीटर चढवतोय, आणि ३० मीटरला तो एवढंच देणार. पंपात खोट नाही.

त्याच पाइपमधून ८० लिटर काढायचे म्हटले तर घर्षण साडेतीनपट होतं, ४५ मीटरच्या घरात. मोठ्या मोटरची ताकद पाइपच्या भिंतींवरच खर्च होणार, बिल मात्र तुमचं. त्यापेक्षा पाइप आतून ४० मिमीचा करा. घर्षण दहाव्या हिश्शावर येतं आणि हाच पंप ५५–६० लिटर देतो; टाकी १७–१८ मिनिटांत. पीव्हीसी, एचडीपीई या प्लॅस्टिक पाइपांचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, म्हणून दुकानात ५० मिमी मागा आणि आतला व्यास मोजून घ्या. खर्च झेपत नसेल तर यंदा अर्धीच लाइन बदला, निम्मं घर्षण तरी वाचेल.

विहीर खाडीलगत असेल तर जास्त उपसा तसाही नको. मचूळ पाणी आत येतं.

प्रश्न : पंप काठावर आहे. मे महिन्यात पाणी तुटक येतं, मग बंदच होतं. फूट व्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपच्या तळाची झडप) नवा आहे.
– एक वाचक, देवगड

उत्तर : काठावरचा पंप व्यवहारात ६–७ मीटरखालचंच पाणी ओढतो, एचपी कितीही असो. आधी दोरीला दगड बांधून पाणी किती खाली गेलंय ते मोजा. पातळी ठीक असेल तर पंप चालू ठेवून सक्शनच्या, म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपच्या, सांध्यांवर साबणाचा फेस लावा. जिथे तो आत ओढला जाईल तिथे हवा शिरतेय. पातळीच खाली गेली असेल तर ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायचा पंप, घ्या. काहीजण पंप विहिरीतल्या खालच्या पायरीवर उतरवतात. पण जुलैत विहीर काठोकाठ भरते, तेव्हा काढायचा राहिला की मोटर गेलीच.