बायको ‘तसल्या’ कथा वाचते, म्हणजे तिला तेच हवंय का?

हा प्रश्न नवरे समुपदेशनाला बहुधा एकटे येऊन, आवाज खाली आणून विचारतात. पुढची केस अशा अनेक जोडप्यांच्या तपशिलांतून, कुणाची ओळख पटणार नाही अशा बेताने जुळवली आहे.

नवरा सदतीसचा, बायको चौतीसची आणि बँकेची एक शाखा सांभाळणारी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. घरच्या टॅबवर त्याला तिची वाचनयादी दिसली. प्रौढांसाठीच्या कामुक कथा, आणि जवळजवळ सगळ्या एकाच धाटणीच्या: एक जण हुकूम सोडतो, दुसरी राजीखुशीने ऐकते, डोळ्यांवर पट्टी, बांधलेले हात, परवानगीशिवाय हलायचं नाही. आठवडाभर तो गप्प राहिला. मग एका रात्री, काहीही न सांगता, त्याने तिची मनगटं आवळली आणि दरडावून बोलायला लागला. ती रडत उठली आणि मुलीच्या खोलीत जाऊन झोपली. तिला आवडतं तेच तर आपण केलं, असं त्याला वाटत होतं. तिला भीती वाटली होती. शिवाय आपलं खासगी वाचन चोरून पाहिलं गेलं, हा राग होता. आणि त्याखाली जुनी लाज: दिवसभर दहा जणांना कामं सांगणाऱ्या बाईला हे का आवडावं?

दोघांनाही आधी हवं होतं ते एक उत्तर: हा आजार आहे का? नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानसूचीत अशी आवड म्हणजे विकार नाही. त्या आवडीमुळे माणसाला खरा त्रास होत असेल किंवा दैनंदिन आयुष्य कोलमडत असेल, किंवा संमती नसलेल्या माणसावर ती लादली जात असेल, तरच विकाराचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेची नवी सूची २०२२ पासून लागू झाली, तिच्यातून तर दोन प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या अशा वागण्याचं निदानच काढून टाकलंय. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात सुमारे १५०० प्रौढांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त स्त्रियांनी आणि निम्म्याहून जास्त पुरुषांनीही, कुणीतरी आपल्यावर हुकमत गाजवतंय अशी कल्पना मनात येते असं सांगितलं. हा आकडा ऐकल्यावर तिने पहिल्यांदा मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. आवडीमागे लहानपणचा अत्याचार असणारच, हा समजही चुकीचा आहे. तसा इतिहास असेल तर त्यावर वेगळं काम करावं लागतं, पण कथा आवडतात म्हणून तो गृहीत धरता येत नाही.

आता त्या रात्री काय चुकलं ते बघू. कथेतली बाई कितीही अगतिक दिसो, वाचणारीच्या हातात सगळं असतं. नको वाटलं की ती पान उलटते, वाटलं तर पुस्तक मिटते. अंथरुणात मिटायला पुस्तक नसतं, म्हणून थांबवायची सोय आधी बोलून करावी लागते. कथांमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो, कारण त्याने रंग उतरतो. त्यामुळे अशा कथा कृतीची पुस्तिका म्हणून वापरल्या की घोटाळा होतो. शिवाय कल्पनेत आवडणारं सगळं प्रत्यक्षात हवंच असतं असं नाही. तिच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी तिला फक्त वाचायच्याच होत्या.

दोघांना घरी एक काम दिलं. दिवसाउजेडी, पूर्ण कपड्यांत, मुलगी शाळेत असताना, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन रकाने आखायचे: ‘हो’, ‘बघू’, ‘नाही’. एकमेकांचा कागद न बघता भरायचे. दोघांच्याही ‘हो’मध्ये असेल तेवढंच करायचं. ‘नाही’ला कारण विचारायचं नाही. ‘बघू’ला महिनाभर हात लावायचा नाही. तिने ‘हो’खाली डोळ्यांवर ओढणी आणि हळू आवाजातल्या सूचना एवढंच लिहिलं. शिवीगाळ आणि चेहऱ्यावर हात, हे थेट ‘नाही’त. त्याच्या ‘नाही’त मारणं होतं, कुठल्याही प्रकारचं. ते वाचून ती हसली, कारण तेही तिला नकोच होतं.

थांबण्याचे शब्द दोन ठरले. ‘पिवळा’ म्हणजे सावकाश, आधी मला विचार. ‘लाल’ म्हणजे त्या क्षणी सगळं बंद, खुलासा नंतर. अनुभवी जोडपी कधीकधी ‘नको’ हा शब्द खेळाचा भाग मानतात. नव्या जोडप्यांनी ते अजिबात करू नये. पहिले कित्येक महिने ‘नको’चा अर्थ नकोच ठेवावा. तोंडावर हात किंवा कापड असेल तर शब्द उपयोगाचा नाही, म्हणून हातात किल्ल्यांचा जुडगा धरायचा, तो पडला की थांबायचं. आणि सूचना देणाऱ्यालाही ‘लाल’ म्हणता येतं. नवऱ्यांना हे कुणी सांगत नाही, ते निभावत राहतात.

हात बांधणं ‘हो’त असेल तर काही नियम सुटता कामा नयेत. रुंद, मऊ कापड घ्यावं, पातळ दोरी किंवा नायलॉन नको. गाठीखाली दोन बोटं सहज जावीत. अंगठ्याजवळ मुंग्या, बधिरपणा, बोटं गार किंवा निळसर, यांपैकी काहीही झालं की लगेच सोडायचं. मनगटाजवळून जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्या तर बधिरपणा कित्येक आठवडे राहू शकतो. बोथट टोकाची कात्री हाताशी हवी, बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि दारू अजिबात नको. गळा दाबण्याचा सुरक्षित प्रकारच नाही, हलका दाबही जीव घेऊ शकतो. कथांतून तो आता सर्रास दिसतो, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं.

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. संपल्यावर लगेच मोबाईल उचलायचा नाही. पाणी, पांघरूण, नेहमीच्या आवाजात चार गोष्टी, साधारण तेवढाच वेळ. एक-दोन दिवसांनी उगाच रडू येणं किंवा उदास वाटणं होऊ शकतं, दोघांपैकी कुणालाही. ते माहीत असलं की ‘आपण काहीतरी वाईट केलं’ असा अर्थ निघत नाही. काय आवडलं, काय खटकलं हे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बोलावं.

ह्याच आवडीच्या नावाखाली छळही चालतो, तोही इथेच ओळखायला हवा. थांब म्हटल्यावर न थांबणं, नकाराबद्दल अबोला किंवा शिक्षा, पैसे आणि फोनवर ताबा, फोटो दाखवण्याची धमकी, घरात पाऊल ठेवताना पोटात गोळा, यांपैकी काही असेल तर तो खेळ नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे धरला आहे, नवऱ्याने केलेलाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

पुढच्या भेटींत नवऱ्याने त्या रात्रीबद्दल आणि टॅबबद्दल माफी मागितली. दोन्हींची वेगवेगळी मागितली, हे तिला महत्त्वाचं वाटलं. टॅबला तिने पासवर्ड घातला आणि त्याने तो विचारला नाही. दोन-तीन वेळा करून पाहिल्यावर हुकूम सोडणं आपल्याला नाटकी वाटतं, असं त्याने सांगितलं. म्हणून ‘हो’च्या रकान्यात शेवटी ओढणी राहिली, सूचना गेल्या. बाकीचं ती वाचते.