वाचकांचे प्रश्न : शॅक बंद झाल्यावर दोघांनी श्रीलंका फिरायची तर कुठली बाजू?

प्रश्न : ताई, आम्ही नवराबायको पेडण्याकडचे, मोरजीला शॅक चालवतो, त्यामुळे सीझन चालू असताना डोकं वर काढायला वेळ नसतो, सुट्टी काय ती पावसातच. यंदा जुलैमध्ये 12 दिवस पाठीला बॅग लावून श्रीलंका करायची असं ठरतंय. ह्यांचं म्हणणं तिकडे भाड्याने बाईक घ्यायची आणि अख्ख्या बेटाला फेरा मारायचा. मला दोन-तीन ठिकाणी निवांत राहायचंय. सगळे सांगतात जुलैत तिथेही पाऊसच, जाऊ नका. आणि खरं सांगू, सीझनभर आम्ही दिवसरात्र एकत्र असतो आणि गल्ल्यावरून, स्टाफवरून भांडत असतो, तेच तिकडे व्हायला नको. काय करावं?
– एक वाचक, पेडणे तालुका

उत्तर : जा, नक्की जा, आणि जुलैतच जा. फक्त फेरा मारायचं डोक्यातून काढा, ह्या बाबतीत मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे. गोवा आहे 3,702 चौरस किलोमीटर आणि श्रीलंका 65,610, म्हणजे जवळजवळ अठरा गोवे एकाला एक लावले तर ते बेट होतं, आणि डोंगरातले रस्ते इतके वळणाचे की शंभर किलोमीटरला तीन-चार तास सहज जातात. 12 दिवसांत सगळा फेरा म्हणजे रोज सकाळी बॅग भरायची आणि रोज रात्री नवीन रूम शोधायची, दोघांचं डोकं फिरायला आणखी काही लागत नाही. बाईकचं सांगायचं तर आपलं गोव्याचं लायसन्स तिथे तसंच चालत नाही, तिथला परवाना काढावा लागतो, आणि तो नसताना अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. तुम्ही सरळ बसने फिरा. भाडं अगदी कमी असतं, फक्त पुढच्या दरवाजाजवळच्या सीट्स भिक्षूंसाठी राखीव असतात तिथे बसू नका.

आता पाऊस. जुलैत आपल्याकडे जो नैऋत्येचा वारा असतो तोच तिकडे पण असतो. बेटाच्या मधोमध अडीच हजार मीटरपर्यंत चढलेले डोंगर आहेत, ते हा पाऊस पश्चिमेला आणि दक्षिणेला अडवतात, म्हणजे घाट चढून बेळगावच्या पुढे गेलं की पाऊस कसा ओसरतो तसंच. म्हणून मिरिस्सा, हिक्काडुवा, उनावटुना ही फोटोतली नावं जुलैत विसरा, समुद्र खवळलेला असतो, आणि लाल बावटा काय असतो ते मोरजीच्या माणसांना मी काय सांगणार. पण पूर्व किनाऱ्यावर त्याच महिन्यात समुद्र शांत आणि ऊन कडक, त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा ह्या बाजूचा सीझन साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर. तुमचा बंद तो त्यांचा चालू, तुमच्यासाठी ह्याहून चांगलं काय असणार?

मी असं करीन. मोपा विमानतळावरून मुंबई किंवा बेंगळुरू करून कोलंबो, आणि कोलंबो शहरात न अडकता एअरपोर्टवरूनच दांबुल्ला-सिगिरियाकडे निघायचं, तिथे 3 रात्री. सिगिरियाचा खडक पहाटेच चढा, नंतर उन्हाने जीव जातो, आणि तिकीट काढताना पासपोर्ट दाखवा कारण सार्क देशांच्या लोकांना ते कमी दरात मिळतं. शेजारीच मिन्नेरियाचा तलाव आहे, कोरड्या दिवसांत पाणी आटलं की काठावर गवत उगवतं आणि रानटी हत्ती कळपाने येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात जास्त, पण जुलैतही दिसतात. जीपचा खर्च आहे, तरी तो करा, दुसरीकडे वाचवा.

मग त्रिंको, म्हणजे त्रिंकोमाली, साधारण शंभर किलोमीटर, आणि तिथे सलग 5 रात्री. हो, पाच! एकाच गेस्टहाऊसमध्ये. उप्पुवेली किंवा निलावेलीला रूम घ्या, समोरच्या पिजन आयलंडला बोटीने जाऊन स्नॉर्केलिंग करा, प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका. त्रिंको गावात समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वरम आहे, शंकराचं देऊळ. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं आणि दगड शेजारच्या किल्ल्याला वापरले. आपल्याकडे मंगेशाला कुठ्ठाळी सोडून फोंड्याकडे का जावं लागलं हे ज्याला घरातून माहीत आहे त्या माणसाला त्या कड्यावर उभं राहून जे वाटतं ते दुसऱ्या टुरिस्टला नाही वाटणार, म्हणून घाई न करता संध्याकाळच्या पूजेपर्यंत थांबा.

शेवटच्या 3 रात्री कँडी. बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथे तो अपमान समजतात. जुलै-ऑगस्टमध्ये एसला पेराहेराची मिरवणूक असते, तारीख चंद्रावर ठरते, ती तुमच्या दिवसांत आली तर रूम आधीच बुक करा कारण भाव खूप चढतात. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, देशभर दारू विकत नाहीत हेही ह्यांना आधीच सांगून ठेव. बाणावलीला जन्मलेले संत जुझे वाझ 1687 मध्ये त्या बेटावर गेले, डच लोक कॅथलिकांच्या मागे लागलेले असताना वेश बदलून, आणि 1711 मध्ये कँडीतच वारले. ते संत म्हणून जाहीर झाले तेही कोलंबोतच, 2015 साली. गोव्याचे म्हणून सांगितलं की तिथले कॅथलिक लोक किती जवळ घेतात ते बघा.

कँडीहून डोंगरातून एल्लाला जाणारी ती निळी ट्रेन ह्या वेळी सोडा असं मी म्हणेन. 2025 च्या नोव्हेंबरअखेरच्या दित्वा वादळात डोंगरातल्या रेल्वेचं मोठं नुकसान झालं होतं, त्यामुळे ती लाईन कुठपर्यंत चालू आहे ते बघितल्याशिवाय त्यावर बेत रचू नका, आणि जुलैत त्या बाजूला पाऊस-धुकं असतं ते वेगळंच.

आता भांडणाचं, कारण मला तुझ्या पत्रात तेच खरं वाटलं. एक दिवस तू ठरवायचं, एक दिवस ह्यांनी, कुठे जेवायचं, कितीची रूम, कधी उठायचं, सगळं, आणि ज्याची पाळी नाही त्याने त्या दिवशी तोंड उघडायचं नाही. खर्चाचे पैसे एका पाकिटात, पण कॅश आणि पासपोर्टच्या झेरॉक्स दोघांच्या बॅगांत वेगवेगळ्या. बॅग ज्याची त्यानेच उचलायची, म्हणून सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका. आणि रोज दोन-तीन तास वेगळे काढा. ह्यांना मच्छीमारांबरोबर गप्पा मारायच्या असतील, तुला नुसतं वाचत पडायचं असेल, खुशाल करा, सीझनभर एकत्र राहणाऱ्या माणसांना ह्याचीच गरज असते, त्यात प्रेम कमी होण्याचा प्रश्नच नाही. अजून एक, तिथल्या शॅकमध्ये बसून त्यांचा रेट, त्यांचे टेबल मोजत बसू नका, निदान पहिला आठवडा तरी. जेवणात आंबूल थियल मागा, म्हणजे गोरका हे कोकमासारखं आंबट फळ घालून केलेलं माशाचं सुकं, आपल्या सोलाच्या चवीच्या माणसाला लगेच आवडतं.

प्रश्न : आमच्याकडे दोनच दिवस आणि पैसे पण बेताचे. गोव्यातच दोघांना बेटावर चालत फिरता येईल का?
– म्हापसा

उत्तर : दिवाडी. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पिएदादची टेकडी चढा, मग खाजन शेतांच्या बांधावरून नार्वेच्या धक्क्यापर्यंत चाला आणि फेरीने पलीकडे सप्तकोटेश्वराला जा, शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये हे देऊळ नव्याने बांधायला लावलं, मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराम ह्या झेंड्यांच्या उत्सवाची गर्दी असते, शांतता हवी तर तो दिवस टाळा. दुसऱ्या दिवशी रायबंदरहून चोडण, खारफुटीतलं सलीम अली पक्षी अभयारण्य, सकाळी लवकर. पाणी भरून घ्या आणि नार्वेहून परतायची शेवटची फेरी किती वाजता ते उतरतानाच विचारून ठेवा.