एलिझेचं मॉडेल बांधाच, पण एफडी मोडून नको

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला. वडील ऐंशीच्या दशकात गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर एलिझे या पाणबुडीविरोधी विमानांच्या मेंटेनन्सला होते, दहा महिन्यांनी त्यांची पंचाहत्तरी आहे, आणि त्या दिवशी तुम्हाला स्वतः बांधलेलं १:८ स्केलचं आरसी (रिमोटवर उडणारं) एलिझे उडवून दाखवायचंय. खर्च १ लाख ६५ हजार, आणि तुम्ही विचारताय की ३ लाखांची एफडी मोडू की पर्सनल लोन काढू. माझ्या मते मॉडेल नक्की बांधा, पण या दोन्हीतलं काहीच करू नका.

हातात ७८ हजार येतात, होम लोनच्या हप्त्यासकट खर्च ५८, एसआयपी १०, म्हणजे उरतात १०. ही एफडी तुमचा एकमेव इमर्जन्सी फंड आहे, आज त्यावर पाच महिने घर चालेल, पण १.६५ काढले की सव्वादोन महिनेच, आणि घरात चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील, दीड वर्षाची मुलगी आणि कमावणारे तुम्ही एकटे. मला हे अजिबात पटत नाही. लोनचं म्हणाल तर १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ७,९०० आणि व्याज २५ हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्याच यादीतल्या बॅटऱ्या आणि चार्जरची अख्खी किंमत नुसती व्याजात जाणार.

आता तुमची यादी नीट बघा. बाल्सा (हलकं लाकूड), प्लाय, कव्हरिंग, रंग ४५ हजार, रिट्रॅक्ट (आत मिटणारी चाकं) २५, मोटर, तिचा वेग सांभाळणारी ईएससी, पंखाचे भाग हलवणारे सर्व्हो आणि रेडिओ मिळून ७०, बॅटरी-चार्जर २५. हे सगळं एकदम कशाला लागतंय? एलिझेचा पंख १५.६ मीटरचा, तुमचं मॉडेल जवळपास दोन मीटरचं होणार, नोकरी सांभाळून रात्री-रविवारी बांधायचं म्हणजे सांगाडा आणि फिनिशिंगलाच दहा महिने जातील. रिट्रॅक्ट मात्र आधी लागतील कारण एलिझेची मागची चाकं पंखावरच्या फुगीर कप्प्यात, म्हणजे नेसेलमध्ये जातात, त्यांचा माउंट नंतर बसवता येत नाही. सांगाडा आणि रिट्रॅक्ट मिळून ७० हजार, म्हणजे महिन्याला ७ हजार, आणि हे तुमच्या शिलकीतूनच निघतंय, वर ३ हजार उरतात ते अडीअडचणीला ठेवा. लिपो बॅटरी तर सगळ्यात शेवटी घ्या, नुसती कपाटात पडून पण ती खराब होत जाते, आज घेतली तर वॉरंटी विमान उडायच्या आधीच संपेल.

म्हणजे पंचाहत्तरीला विमान स्वतःच्या चाकांवर उभं असेल, एलिझे उडवणाऱ्या नौदलाच्या कोब्रा स्क्वॉड्रनच्या रंगात, फक्त उडणार नाही. उरलेले ९५ हजार त्याच ७ हजारांच्या गतीने साधारण चौदा महिन्यांत जमतात, बोनस आला तर आधी. मला माहितीये तुम्हाला त्याच दिवशी उडवायचंय, पण घाईत केलेल्या मेडन फ्लाइटमध्ये, म्हणजे पहिल्याच उड्डाणात, विमान पडलं तर पैसे आणि दहा महिन्यांची मेहनत दोन्ही मातीत.

"नाही जमलं तर विकू" असं लिहिलंय ते डोक्यातून काढा. घरी बांधलेल्या स्केल मॉडेलला मजुरीचे पैसे कोणी देत नाही, हा पूर्ण खर्च आहे असंच धरा. आणि उडवायच्या आधी डिजिटल स्काय मॅपवर, म्हणजे कुठे उडवायला परवानगी आहे ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, तुमच्या मैदानाचा झोन बघून घ्या, पुण्यात लोहगावचा विमानतळ आहे.

एक राहिलं, पैशाचं नाही. तुम्हाला सरप्राइज द्यायचंय, पण ज्या माणसाने खरी एलिझे उघडून जोडलीये त्याला दहा महिने बाहेर कशाला ठेवताय? बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये एलिझे उभं आहे, ३ हजारांतून साठलेल्या पैशात त्यांना घेऊन जाऊन या, पंखाची घडी कुठून पडते ते बोट लावून तेच दाखवतील, आणि पहिल्या महिन्यात फक्त प्लॅन आणि बाल्सा मागवा.