नांगर उजेडात टाक

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तीन महिने शिडाच्या बोटीवर राहून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. सामानाची यादी नीट झाली आहे, तीत मी काही घालणार नाही. पण सोबत जोडलेलं ते वेळापत्रक, कोणत्या तारखेला कोणत्या बंदरात, ते फाडून टाक. घरच्यांना महिना सांग, तारीख सांगू नकोस.

हे मी अनुभवाने लिहितोय. तुझ्यासारखाच नवखा असताना मी एकाला अमक्या दिवशी पोचतो असा शब्द दिला होता. वारा समोरून होता, थांबायला हवं होतं, तरी निघालो. खाडीत शिरेपर्यंत अंधार पडला. पाणी मोजलं तर तीन मीटर. खोलीच्या पाचपट साखळी सोडायची हे पाठ होतं, म्हणून पंधरा मीटर सोडली आणि दमून झोपलो. वेळ ओहोटीची होती, हे ध्यानातच आलं नाही. मध्यरात्री पाणी आणखी तीन मीटर चढलं. बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून मीटरभर उंच, म्हणजे एकूण सात मीटर. माझी पंधरा मीटर साखळी आता जेमतेम दुप्पट उरली होती. नांगर सुटला आणि जाग आली ती तळ खडकाला घासल्याच्या आवाजाने. बोट वाचली. तो आवाज मात्र अजून कानात आहे.

म्हणून हिशेब नेहमी भरतीच्या खोलीचा कर, त्यात पुढच्या टोकाची उंची मिळव आणि मग त्याच्या पाचपट साखळी सोड. दोर असेल तर सातपट. नांगर टाकल्यावर इंजिनाने बोट हळूहळू मागे घे आणि नांगर रुतला याची खात्री कर. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धर, समज पुढे खडक आणि मागे झाड. बोट नांगराभोवती फिरते तशा त्या थोड्या हलतील, पण एकाच दिशेने सरकत राहिल्या तर नांगर ओढला जातोय. हे सगळं करायला उजेड लागतो. सूर्य मावळायच्या दोन तास आधी नांगर पडलाच पाहिजे, मग ठरवलेलं बंदर कितीही जवळ असो.

बोटीवरचा दिवस पाणी ठरवतं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. आज सकाळी सातची भरती उद्या आठच्या सुमाराला येते आणि आठवड्यात दुपारवर जाते. तुझी उठायची, जेवायची, निघायची वेळ तिच्याबरोबर सरकेल. पहिले काही दिवस चिडचिड होईल, मग अंग आपोआप जुळवून घेतं. खाडीच्या तोंडाशी जास्त सावध राहा. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, मधल्या दोन तासांतच निम्मं चढतं, म्हणून तेव्हा पाण्याची ओढ सर्वांत जोराची. त्यात वारा ओढीच्या विरुद्ध असेल तर लाटा उभ्या राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर बाहेर थांबून राहिलेलंच बरं.

वेगाचं म्हणशील तर पाच नॉट म्हणजे तासाला नऊ किलोमीटरच्या आसपास. सायकलवाला सहज पुढे जाईल. एकच टेकडी सकाळभर डाव्या हाताला दिसत राहते. आधी निळसर, मग हिरवी, मग तिच्यावरचं एकेक झाड वेगळं. इतका वेळ एकाच गोष्टीकडे बघत राहायची सवय आपल्याला राहिलेली नसते. मला तरी या प्रवासांतून मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

रोज सकाळी चहाच्या आधी बोटीच्या तळात साचलेलं पाणी बघ, इंजिनाचं तेल बघ, दोर कुठे घासलेत का ते हाताने चाचपून बघ. हवेचा दाब वहीत लिही. एका आकड्याने काही कळत नाही, कालपासून तो किती उतरला यावरून हवा बिघडणार का ते कळतं. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून येतो, त्यामुळे किनाऱ्याजवळ पाणी शांत असतं. निघायला ती वेळ चांगली, भरती जुळली तर.

आणि ज्या दिवशी निघता येणार नाही, तो दिवस वाया गेला असं वहीत लिहू नकोस. नांगरावरच्या बोटीची खिडकी सारखी फिरत असते. सकाळी चिखल आणि पक्षी दिसतात, दुपारी तिथेच पाणी असतं. डेकवर बस, दोर शिव, झोप काढ.

पहिल्या आठवड्याची वहीची पानं मला पाठव. नांगर किती वाजता पडला आणि साखळी किती सोडली, हे आधी वाचीन.

तुझा,
जुना सोबती