सूत्रे पाठ असूनही भौतिकशास्त्रातील उदाहरणे का चुकतात?

प्रकाश, विद्युत आणि गती या तिन्ही प्रकरणांची सूत्रे तोंडपाठ आहेत, तरीही परीक्षेत उदाहरणे चुकतात, तर काय करावे, असे आपण विचारले आहे. मी शाळकरी मुलांना हा विषय शिकवतो आणि त्यांच्या वह्या तपासताना सूत्रच चुकीचे लिहिलेले मला क्वचितच आढळते. प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहण्याआधीच मुले आकडेमोडीला लागतात आणि तेथेच घोटाळा होतो. म्हणून उदाहरण सोडवायला घेताना पहिली ओळ शब्दांत लिहावी, असा माझा आग्रह असतो: येथे काय घडणार आहे आणि उत्तर साधारण कसे यायला हवे.

समजा, १५ सेंमी नाभीय अंतर असलेल्या अंतर्वक्र आरशासमोर १० सेंमी अंतरावर वस्तू ठेवली आहे. वस्तू ध्रुव आणि नाभी यांच्या मध्ये आहे, म्हणजे प्रतिमा आरशामागे, आभासी, सुलट आणि मोठी मिळणार, हे दोन किरण काढले की गणिताआधीच कळते. आता चिन्हसंकेताप्रमाणे वस्तूचे अंतर उणे १० आणि नाभीय अंतर उणे १५ घेतले, तर प्रतिमेचे अंतर अधिक ३० सेंमी येते, आणि प्रतिमा तिप्पट मोठी ठरते. अनेक मुले मात्र दोन्ही अंतरे धन घेतात. त्यांचे उत्तर उणे ३० येते आणि ते वाचताना मात्र त्यांना चिन्हसंकेत आठवतो, त्यामुळे ती 'प्रतिमा आरशासमोर, वास्तव' असे लिहून मोकळी होतात. आकडा बरोबर आणि निष्कर्ष नेमका उलटा. चिन्हे अजिबात न पाळण्यापेक्षा ती अर्धवट पाळणे अधिक घातक असते, असे मला वाटते. पहिली ओळ शब्दांत लिहिलेली असेल, तर ही चूक जागच्या जागी पकडली जाते.

गतीच्या उदाहरणांतही चिन्हेच फसवतात. १९.६ मी/से वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूसाठी वरची दिशा धन मानली, तर गुरुत्व त्वरण उणे ९.८ मी/से² घ्यावे लागते आणि चेंडू २ सेकंदांत १९.६ मीटर उंची गाठतो. त्वरण धन घेतल्यास उंची ऋण येते, आणि वर फेकलेला चेंडू जमिनीखाली जाऊ शकत नाही, एवढा विचार केला तरी पुरे. सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असला तरी त्वरण तेच राहते, हेही पक्के ध्यानात ठेवावे. सरासरी चालीचे म्हणाल तर, जाताना ताशी ४० किमी आणि त्याच वाटेने परतताना ताशी ६० किमी असेल, तर उत्तर ५० नसून ४८ आहे, कारण कमी चालीने जाताना वेळ जास्त लागतो.

विद्युतच्या उदाहरणांत 'सारखे काय राहते' हा प्रश्न आधी विचारावा. एकसर जोडणीत विद्युतधारा सारखी असते, समांतर जोडणीत विभवांतर. २२० व्होल्टचे ६० वॅट आणि १०० वॅटचे दोन तंतूदिवे एकसर जोडून २२० व्होल्टला लावले, तर जास्त प्रकाश कोणता देईल? बहुतेक जण १०० वॅटचा म्हणतात. परंतु विभवांतराच्या वर्गाला शक्तीने भागले की ६० वॅटच्या दिव्याचा रोध सुमारे ८०७ ओहम आणि दुसऱ्याचा ४८४ ओहम येतो. धारा दोघांतून एकच असल्यामुळे ज्याचा रोध मोठा, त्याला शक्ती जास्त मिळते. रोध स्थिर मानल्यास ६० वॅटच्या दिव्याला सुमारे २३.४ वॅट आणि १०० वॅटच्या दिव्याला सुमारे १४.१ वॅट मिळतात. प्रत्यक्षात तंतू कमी तापल्यामुळे रोध घटतो आणि हे आकडे थोडे बदलतात, तरी ६० वॅटचाच दिवा अधिक उजळतो. दिव्यावर छापलेले वॅट ठरावीक विभवांतरासाठीच खरे असतात, हे ज्याला उमगले, तो हे उदाहरण सूत्र आठवण्याआधीच अर्धे सोडवतो.